पट्टीवरची तीन बोटं

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार. मुलुंड

आजपासून वही. कारण एकच. शेठने टेपचं रीळ माझ्या ताब्यात दिलं आणि कपाटाची किल्लीही. जिन्नस ताब्यात आली की आळही ताब्यात येतो, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

टेप बोटीतून आलेली. कापडी पट्टी, दोन अंगुळं रुंद, दोन्ही अंगांना गोंद. स्वतःलाच चिकटू नये म्हणून मध्ये पिवळा गुळगुळीत कागद. एक अंग छपाईच्या मशीनच्या रुळाला, दुसरं चित्राच्या रबरी ब्लॉकला. शेठ म्हणाले, "गणपतराव, आयातीचं लायसन मिळत नाय. हे रीळ सोनं समजून वापरा." मुंबईच्या कोटातल्या ज्या दलालाकडून आणलं त्याचा चेहरा मी पाहिलाय. सोनं नक्कीच नाही म्हणालो, मनात.

पूर्वी आम्ही रुळाला लाकडी पट्ट्या मारून ब्लॉक चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकत असू. मग लाख आली, गरम करून ओतायची, हात भाजायचे. मग ते रबराचं सोल्युशन, वासाने डोकं उठायचं. एक ब्लॉक बसवायला अर्धा दिवस. ह्या टेपने पाच मिनिटांत बसला. एवढं सोपं काम माझ्या जन्मात झालेलं नाही, म्हणून भरवसा नाही.

वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, तेव्हा माणसांची नावं अर्धीच. सु. म्हणजे टेबलावर बसून टेप कापते ती बाई, वय तिशीचं, विधवा. तिचा नवरा शेठच्या गोदामात होता, विषमज्वराने गेला, म्हणून शेठने सहा महिन्यांपूर्वी हिला घेतली. भांडुपला राहते, चालत येते. राणे कटिंगवर आहे, त्याचं नाव पूर्ण लिहितो, त्याने काय व्हायचंय. शेठला शेठच लिहितो, शेठ पुष्कळ आहेत.

अक्षर वाकडं येतं. मधल्या बोटाचं पेर मिलमध्ये राहिलं, त्याला वीस वर्षं झाली, तरी टाक धरला की आठवण होतेच.

५ फेब्रु.

सकाळी मशीनला नमस्कार करून चालू केलं. पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद. हिरवा पोपट, लाल चोच. हिरवा एका रुळावर, लाल दुसऱ्यावर. चोच बरोबर तोंडावर बसली. झकास. संध्याकाळी ब्लॉक उतरवून धुतले (शाई रबर खाते), सकाळी परत बसवायचे. म्हणजे टेप रोज नवी.

रिळाचा घेर दोऱ्याने मोजून दोऱ्याला गाठ मारली. दोरा खिशात.

७ फेब्रु.

दोरा ढिला. रीळ घटलं. वापरलं तेवढंच घटलं का ते कळायला मार्ग नाही. उद्यापासून कापलेल्या पट्ट्याही मोजणार.

उरलेली कात्रणं मी घरी आणतो. (ही चोरी नाही. टाकाऊ असतात.) सौ.ला दिली तर तिने दुपारपर्यंत घराचं रूप पालटलं. आरसा भिंतीला, फळीवरचं मेणकापड फळीला, दत्ताची तसबीर दाराच्या चौकटीला, माझ्या वहाणेचा सुटलेला तळ वहाणेला. कॅलेंडरही खिळ्याविना. मी म्हटलं, पडेल. ती म्हणाली, "तुमका सगळा पडतलाच वाटता. आता जेवून घ्या, मगे लिवा काय ता."

आरसा हलवून पाहिला. धरलाय. पण किती दिवस.

९ फेब्रु., शनि.

वाट लागली. अकराच्या सुमाराला राणे ओरडला, "गणपत, अरे पोपटाला बघ रे!" लाल चोच सरकून शेपटीवर. रुळावरचा ब्लॉक सुटून बोटभर सरकला होता. अख्खा गठ्ठा फुकट. शेठ येऊन कागद उजेडाला धरून बघत राहिले. "गणपतराव, हा पोपट आहे का कोंबडा?" राणे हसला. मी हसलो नाही.

सु. आज उशिरा आली. मुलगी तापली म्हणे. आली ती मान खाली घालून थेट टेबलाशी. विचारलं, टेप नीट कापली होतीस ना काल? "हो दादा." एवढंच. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस दोन शब्द जास्त बोलतो.

११ फेब्रु., सोम.

पकडली.

मी नमस्कार करून शाई आणायला मागे गेलो होतो. परत आलो तर सु. रुळापाशी. हातात चिंधी, रूळ पुसतेय. मला पाहिल्याबरोबर चिंधी पदराआड. मी म्हटलं, काय चाललंय? "काही नाही, धूळ होती." कालच्या रविवारी मी स्वतः रूळ झाकून ठेवायला आलो होतो. धूळ कुठली?

स्पष्ट सांगितलं, "मशीन माझं. तुझं काम टेबलावर. पुन्हा रुळाला हात लावलेला दिसला तर शेठकडे नेईन." तिने चिंधीची घडी केली. "बरं दादा."

आज पोपट ठीक आला. म्हणजे तिला करायला वेळ मिळाला नाही. नशीब मी वेळेवर परतलो.

१२ फेब्रु.

चोच शेपटीवर.

१३ फेब्रु.

चोच पोटावर. शेठने गोळ्यावाल्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली, टेलिफोनवर गोड गोड बोलत होते, ठेवल्यावर तोंड काळं. सु. दोन्ही दिवस रुळाकडे फिरकली नाही, मी पाहत होतो. म्हणजे टेपमध्येच काहीतरी करते. टेबलावर बसून. कशाने?

राणेला म्हटलं, तिच्यावर लक्ष ठेव. तो म्हणाला, "यार, तू तुझ्या सावलीवर पण लक्ष ठेव ना." राणेचं आणि तिचं बोलणं असतं. हेही लिहून ठेवतो.

१४ फेब्रु.

दुपारी ती पाणी प्यायला गेली तेव्हा तिचा डबा उघडला. (वाईट काम. पण रिळाची जबाबदारी माझी.) आत भाकरीच्या फडक्याखाली आपल्या टेपची कात्रणं, आणि त्यांना चिकटवलेले लाल कागदाचे गोल तुकडे. मोजले, चौदा. गोल अगदी नेमका, कुठल्याशा टोपणाने पाडलेला.

कपाळाला लावायच्या टिकल्या! विधवा बाईला टिकल्या कशाला?

परत आली तेव्हा डबा तसाच ठेवला होता, पण तिला कळलं. आपणहून म्हणाली, "मुलीच्या शाळेत नाटक आहे दादा. चौदा मुली. कुंकू घामाने ओघळतं, हे ओघळत नाही." मी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगणाऱ्याचं मला फार नवल वाटतं.

घरी सौ.ला सांगितलं तर तिने लगेच दत्ताच्या जुन्या कॅलेंडरचा लाल कोपरा कापून स्वतःला एक बनवली. मेण नको की काही नको. आरशात बघून म्हणाली, "हुशार बाई हां ती." मी म्हटलं, तेच तर.

१६ फेब्रु., शनि.

पुरावा मिळाला.

आज परत चोच सरकली. ह्या वेळी ब्लॉक उतरवताना टेप हळू उचकटली आणि उजेडाला धरली. रुळाकडच्या अंगाला गोंदावर तीन डाग. चकचकीत. तेवढ्याच जागी गोंदाने लोखंड धरलेलंच नाही. बोटांचे डाग! दोन सारख्या उंचीवर, मधलं थोडं खाली. बाई कशी भीत भीत बोटं टेकते, मधलं दुमडून, तसं. नाकाशी नेलं. खोबरेल.

कळलं. हिच्या केसांचं तेल. सकाळी वेणी घालून येते, तेलाचे हात टेपला लावते. मुद्दाम की बिनमुद्दाम हा प्रश्न वेगळा.

तिला म्हटलं, "केसाला तेल लावून येतेस?" ती गोंधळली. "हो." "सोमवारपासून नको." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, असं वाटलं. मग म्हणाली, "बरं."

पट्टी ह्या वहीत पानांमध्ये ठेवली, वर-खाली पिवळा कागद. नाहीतर दोन्ही पानांना चिकटली असती.

१८ फेब्रु., सोम.

सु. केस धुवून आली. शिकेकाईचा वास टेबलापर्यंत. कोरडे भुरभुरीत केस, अंबाडा नीट बसतच नव्हता. मी मनाशी म्हटलं, चला.

साडेदहाला चोच शेपटीवर.

म्हणजे तेल केसांचं नाही. म्हणजे डब्यातून बाटली आणते. म्हणजे मुद्दाम. माझं डोकं फिरलं. पट्टी वहीतून काढली आणि सरळ शेठच्या खोलीत. शेठने सु.ला बोलावलं. पट्टी तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

शेठ : "बाई, हे तुमच्या बोटांचे निशाण आहेत का?"

ती पट्टीकडे वाकून बघत राहिली. मग वर बघितलं ते शेठकडे नाही, माझ्याकडे. माझ्या हाताकडे. मी हात मागे घेतला, का कोण जाणे.

"बोला बाई."

"दादा म्हणतायत तर असेल."

कबुली. एवढी सरळ मिळेल असं वाटलं नव्हतं. शेठने पट्टी ठेवून घेतली.

१९ फेब्रु.

शेठने सु.ला घरी बसवलं. म्हणाले, महिनाभर बघू, मग विचार करू. मला ठाऊक आहे, महिन्याने दुसरी बाई असते. ती कात्री टेबलावर सरळ ठेवून गेली, पातं भिंतीकडे करून. रडली वगैरे नाही.

आज मशीन बंद होतं, शाई आली नाही.

घरी सांगितलं. सौ.ने विचारलं, "तिचा सासरो हा ना, बहिरो? आणि पोर?" मी म्हटलं, चूक केली तर भोगायला नको? ती उठून आत गेली. कपाळाला लाल टिकली होती. पाच दिवस झाले, तीच टिकवून वापरते.

२० फेब्रु., बुध.

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

मशीन चालू. टेप मी स्वतः कापली, मी स्वतः लावली, ब्लॉक मी बसवला. पावणेअकराला राणे आला, नुसता कागद माझ्यापुढे धरला. चोच शेपटीवर.

टेप उचकटली. तीन डाग. मधला खाली.

सु. भांडुपला.

राणेवर ओरडलो, "रुळाला हात कुणी लावला सकाळी?" तो म्हणाला, "मी कशाला लावतो? तूच रोज त्याच्या पाया पडतोस."

मिलमध्ये पहिल्या दिवशी मुकादमाने शिकवलं, यंत्राला हात लावून कपाळाला लावायचा, तीनदा, मग पट्टा सोडायचा. तीस वर्षं करतोय. करतोय हेही आता कळत नाही. आणि सौ. रोज सकाळी माझ्या टाळूवर तेल जिरवते, केस राहिले नाहीत तरी, डोळ्यांना थंडावा म्हणून. कपाळापर्यंत उतरतं ते. रूळ, कपाळ, रूळ, कपाळ, रूळ.

टेपवर बोटं ठेवून पाहिली. पहिलं बसलं. तिसरं बसलं. मधलं, तोकडं, अगदी डागावर बसलं. माझीच.

राणे तोवर कटिंगवर गेला होता. पट्टी गोळा करून बाहेरच्या शेगडीत टाकली. जळताना काळा धूर आणि रबराचा वास. वाया गेलेले कागद रद्दीच्या तळाशी घातले. शेठ आज कोटात होते.

एवढं सगळं करताना मी एकदाही थांबलो नाही. हे आता लिहिताना दिसतंय.

२१ फेब्रु.

सकाळी सौ.ला म्हटलं, आज तेल नको. "बरा नाय वाटत?" म्हटलं, डोकं जड आहे.

मशीनला हात लावला नाही. नुसते जोडले, लांबून. रूळ स्पिरिटने पुसला. दिवसभर पोपट सरळ. एकही कागद वाया नाही.

चार वाजता शेठ आले. कागद उजेडाला धरला, हसले, माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत गणपतराव? बाई गेली आणि पोपट सीधा झाला!"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

मी सुधारलो, म्हणून ती चोर ठरली. जितके दिवस मी रूळ स्वच्छ ठेवीन तितकी तिची कबुली पक्की होत जाणार.

२२ फेब्रु.

पोपट सरळ. राणे : "हं."

११ तारखेचं पान परत वाचलं. चिंधीने रूळ पुसत होती. धूळ होती म्हणाली. त्या दिवशी पोपट ठीक आला. १२ पासून मी पुसू दिलं नाही. ९ ला ती उशिरा आली होती. त्याआधी सगळे दिवस ठीक.

ती माझ्यामागे रोज पुसत होती.

अन्न गोड लागत नाही.

२४ फेब्रु., रवि.

भांडुपला गेलो. सौ.ला सांगून. तिने सोबत पोह्याचे लाडू दिले.

आग्रा रोडने चालत. भिंतीभिंतीवर निवडणुकीची पत्रकं, खळीने चिकटवलेली, निम्मी उन्हाने सुटून लोंबतायत. कशाने काय धरतं आणि कशाने सुटतं हे बघायची सवय जात नाही.

एक खोली, पुढे ओटा. बहिरा सासरा ओट्यावर बसून विड्यांच्या जुड्या बांधत होता, मला पाहून हसला, काय म्हणालो ते कळलं नाही तरी आत बोट दाखवलं. मुलगी शेजारी खेळायला गेलेली. सु. तांदूळ निवडत होती. उठली नाही. "बसा दादा."

काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते : "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"पहिल्यापासून?"

"दुसऱ्या दिवशी कळलं. तुमचा हात निघाला की रुळावर ओले डाग दिसायचे, खिडकीतून ऊन येतं तेव्हा. म्हणून पुसायची."

"मग बोलली का नाहीस? मला नाही तर शेठला. शेठने विचारलं तेव्हा तरी!"

तिने सूप बाजूला ठेवलं. मी शब्द जसेच्या तसे लिहितो, जमेल तेवढे. "दादा, तुम्ही देवासारखा हात लावता मशीनला. मी बिनकुंकवाची बाई. मी काय सांगू, तुमच्या नमस्काराने बिघडतंय म्हणून? मीच अपशकुनी म्हटली असती सगळ्यांनी. पुसणं सोपं होतं."

"आणि परवा, शेठसमोर?"

"परवा तुमचा हात बघितला मी. म्हटलं, आता दादांना दिसेल. टेबलावर समोरच होतं सगळं." सूप परत ओढून घेत, "तुम्ही हात मागे घेतलात. मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे."

म्हणजे इतके दिवस ती समजून होती की मी जाणूनबुजून तिला बाहेर काढलं. मला शरम वाटली. एवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिला शपथ घालून सांगितलं की मला खरंच दिसलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही ते तिच्या तोंडावरून कळेना, आणि माणसाच्या तोंडावरून ओळखण्यात मी स्वतःला पटाईत समजतो.

म्हटलं, उद्यापासून ये कामावर.

"शेठना सांगितलंत?"

मी लाडवांची पुडी पुढे केली.

"मग कशी येऊ दादा?"

लाडू ठेवून आलो. वाटेत बसलो नाही कुठे.

२५ फेब्रु., सोम.

शेठच्या दाराशी दोनदा गेलो. पहिल्यांदा आत गिऱ्हाईक. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तरी परत फिरलो. ह्या वयात ही नोकरी गेली तर तोकड्या बोटाला कोण ठेवणार, हा विचार आला. आला तो आला, लपवून काय करू.

पोपट सरळ.

२६ फेब्रु.

सौ.ला सगळं सांगितलं. ती रागावेल वाटलं. म्हणाली, "त्याल मीच लावलंय." आणि रडायला लागली. तिचा काय दोष त्यात, पण ऐकेना. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "उद्या सांगा. नायतर मी येतंय शेठाकडे." ती येईल. ओळखतो तिला.

२७ फेब्रु., बुध.

सांगितलं.

दुपारी जेवणानंतर. शेठ सुपारी कातरत होते. उभ्यानेच सगळं सांगितलं. नमस्कार, तेल, बोट, शेगडीत जाळलेली पट्टी, सगळं. शेठ ऐकत राहिले. सुपारी कातरायची थांबली.

म्हटलं, ती पहिली पट्टी द्या, हात ठेवून दाखवतो. शेठने खण उघडला, मग आठवून दौतीकडे बोट दाखवलं. टेबल उतरतं आहे, दौत घसरायची, म्हणून त्यांनी ती पट्टी दौतीखाली चिकटवली. चांगली धरलीय म्हणाले. ओढून काढली असती तर गोंद टेबलालाच राहिला असता.

तेव्हा रिकाम्या टेबलावर हात ठेवला. तीन बोटं. "हे बघा. मधलं तोकडं."

शेठने बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खुर्चीत मागे टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "गणपतराव, एक विचारू? रविवारी तुम्ही भांडुपला गेला होता ना?"

कुणी सांगितलं कोण जाणे. राणेच्या मेव्हण्याचं दुकान आहे तिथे. म्हटलं, हो, गेलो होतो.

"एकटे?"

"हो."

"लाडू घेऊन?"

शेठ मान डोलवत राहिले. "त्या बाईचं तुम्हाला एवढं काय? अठरा तारखेला तुम्ही म्हणता बाई चोर. आज म्हणता मी. मध्ये भांडुप. मी कोणता गणपतराव खरा मानू?"

ती नजर मला पाठ आहे. आपल्याला सगळं कळलंय आणि समोरचा लपवतोय, ही खात्री असलेली नजर. मी त्याच नजरेने तिच्या डब्यात बघितलं होतं. मी कितीही खरं बोललो असतो तरी शेठला त्यात दुसरंच काही दिसलं असतं. आणि त्यात माझं जायचं ते जाईल, पण बाईचं नाव जातंय. आधी चोर ठरवली, आता हे. दोन्ही माझ्याच हातून.

संतापलो. शेठवर नव्हे, तरी आवाज चढला. म्हटलं, "शेठ, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मशीनवर ठेवा. उद्या सकाळी तुम्ही समोर उभे राहा. राणेलाही बोलवा. मी रोजच्यासारखा तेल लावून येतो, रोजच्यासारखा नमस्कार करतो. रूळ कुणी पुसायचा नाही. पोपट बघा."

शेठ : "आणि सरळ आला तर?"

"तर जे समजायचं ते समजा."

"आणि वाकडा आला तर माल कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या. नोकरीही."

सुपारीचं खांड तोंडात टाकलं त्यांनी. "नऊला येतो," म्हणाले. बाईबद्दल काही नाही.

आता दिवेलागण झालीय. सौ. तेलाची वाटी घेऊन उद्याचं आत्ताच विचारतेय, किती लावू. म्हटलं, भरपूर.

पण गेले दोन-तीन दिवस ऊन कमी आहे, मशीन गार चालतं, गार टेप जास्त धरते, हे मला ठाऊक आहे. आणि दलालाकडून आलेलं नवीन रीळ काल उघडलं, त्याचा गोंद जाड वाटला. हात आज असा घाबरलाय, उद्या नेहमीसारखा टेकेल का, की मीच जोर लावीन, की कमी लावीन, सांगता येत नाही. शेठसमोर मुद्दाम बोटं घासली तर तेही ओळखतील. तीस वर्षं यंत्राला हात लावून एकच मागितलं, काम नीट होऊ दे.

देवा, उद्या चोच शेपटीवर येऊ दे.